सुरात न राहणारी स्वस्त गिटार

"स्वस्त इलेक्ट्रिक गिटार सुरात राहतच नाही, पैसे साठवून थेट महागडीच घ्या" हा सल्ला मला अजिबात पटला नाही.

माझ्या पहिल्या स्वस्त गिटारची 'जी' तार प्रत्येक बेंडनंतर (तार बोटाने बाजूला ताणून सूर चढवला की) सुरातून उतरायची. ट्यूनर, म्हणजे तार ताणायच्या खुंट्या, बदलायलाच निघालो होतो. मग एकदा शांतपणे कान दिला, तर खुंटी पिळताना नटपाशी (खुंट्यांजवळची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) बारीक 'टिंग' ऐकू आलं. तार खाचेत अडकत होती! खाच हलक्या हाताने घासली, त्यात पेन्सिलीचं शिसं चोळलं आणि तार जागेवर राहायला लागली.

स्क्वायर हा १९८२ पासून फेंडर या गिटार कंपनीचाच स्वस्त ब्रँड आहे. दोन्हींच्या स्ट्रॅटोकास्टर या मॉडेलची स्केल (तारेची वाजणारी लांबी) २५.५ इंचच, म्हणजे बोटांना अंतर तेच. जास्तीचे पैसे बऱ्याच अंशी हातकामाचे असतात: फ्रेटची (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) गोल केलेली टोकं, नीट कापलेला नट. व्हॉल्यूमच्या नॉबमध्येही फरक जाणवतो. चांगल्या गिटारवर १० वरून ७ वर आलं की आवाज हळूहळू मऊ होतो, स्वस्तात तो कधीकधी एकदम बसतो. हे सुख खरंच मोठं आहे, ते मी नाकारत नाही.

पण पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग), पिकअप (तारेचं कंपन टिपणारा भाग), नट नंतर बदलता येतात. पिळलेल्या नेकचं, म्हणजे गिटारच्या दांड्याचं, मात्र काही खरं नाही. त्यामुळे घेताना हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) एक डोळा मिटून नेक बघा, कडेवरून तळवा फिरवा. फ्रेट बोचत असतील तर दुसरा नग मागा. स्वस्तात एकाच मॉडेलच्या दोन नगांतही बराच फरक निघतो.