डिसेंबरची सहल : परंबिकुळमला जायचं का?

सावंत काका (अ-१०१) : सर्वांना नमस्कार. डिसेंबरच्या सहलीचं ठिकाण रविवारच्या मीटिंगमध्ये नक्की करायचं आहे. ताडोबा दोनदा झालं, या वेळी दक्षिणेकडे जाऊ असं बऱ्याच जणांचं म्हणणं पडलं. मेघाताई दिवाळीच्या सुट्टीत केरळमधल्या परंबिकुळम व्याघ्र प्रकल्पात जाऊन आल्यात. ताई, जरा सविस्तर लिहा ना. पहिला प्रश्न मीच विचारतो, वाघ दिसला का?

मेघाताई (ब-७०२) : नाही दिसला काका. दोन रात्री राहिलो, एकदाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याच्या कडेला ओल्या मातीत ठसा दिसला. आमच्या गाइडने त्याच्या शेजारी स्वतःची मूठ ठेवली आणि बोट ओठांवर नेलं. सगळी बस गप्प. पाच मिनिटं कोणी हललं नाही. तेवढाच आमचा वाघ. तरीही मी म्हणेन, जाऊया. रात्री निवांत लिहिते.

रोहित (क-४०३) : ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वाघ दिसणारच नसेल तर दीड दिवस रेल्वेत बसून एवढ्या लांब कशाला जायचं? ताडोब्यात निदान चान्स तरी असतो.

कुलकर्णी काकू (ब-२०४) : फोटोतलं ते काळं जनावर केवढं आहे! म्हैस आहे का गं?

मेघाताई : काकू, तो गवा. मल्याळममध्ये काट्टुपोत्तु म्हणतात, म्हणजे रानरेडाच. रात्री पाऊस पडून गेला होता आणि तो रस्त्याला लागूनच उभा होता. काळ्या अंगातून वाफ निघत होती. गुडघ्याखाली चारही पाय पांढरे, जणू मोजे घातलेत. शिंगाला गवताची एक लांब काडी अडकली होती. आम्हाला बघून त्याने फक्त फुस्स केलं आणि पुन्हा चरायला लागला. परंबिकुळमला गव्यांचे मोठमोठे कळप आहेत, दोन दिवसांत आम्ही मोजायचंच सोडून दिलं.

मेघाताई : रोहित, राग कसला? मीही जाताना ताडोबाच डोक्यात घेऊन गेले होते. पण दोन्ही जंगलांची जातच वेगळी आहे. ताडोबा कोरडं पानझडी जंगल. उन्हाळ्यात पाणी आटलं की सगळी जनावरं मोजक्या पाणवठ्यांवर येतात, म्हणून वाघ दिसतो. परंबिकुळममध्ये तीन धरणं आहेत : परंबिकुळम, तूनक्कडवू आणि पेरुवारिपळ्ळम. पाणी सगळीकडे. वाघाला एका जागी यायची गरजच पडत नाही. वर बांबू, उंच गवत आणि सदाहरित पट्टे. दहा पावलांवर हत्ती असला तरी दिसत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

रोहित : हत्ती दहा पावलांवर?

मेघाताई : हो. बस चालू होती. पुढे बसलेला गाइड ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "आना." म्हणजे हत्ती. इंजिन बंद. आम्हाला समोर फक्त बांबू दिसत होता. त्याला वास आला होता. मग बांबू मोडल्याचा कडाड आवाज, पुन्हा शांतता, आणि पानांमधून आधी एक कान दिसला. फक्त कान, हलणारा. मग कळलं की त्या बांबूमागे चार हत्ती आणि एक पिल्लू आहे. आमच्या मुलीने माझा हात एवढा घट्ट धरला होता की वळ उठले. ताडोब्यात वाघ बघितल्यावर ती दोन दिवस बोलत होती, या कानाबद्दल अजून बोलतेय.

देशपांडे सर (अ-५०४) : मेघा, हे गाइड तिथल्या आदिवासींपैकीच असतात ना?

मेघाताई : हो सर. कादर, मलसर, मलमलसर आणि मुदुवर अशा चार जमाती त्या जंगलात राहतात. गाइड, सफारीचे लोक, राहण्याच्या जागा सांभाळणारे, बहुतेक सगळे त्यांच्यातलेच. आमचा गाइड कादर होता. जंगल कुठे संपतं आणि घर कुठे सुरू होतं हे त्याला सांगताच येत नव्हतं. त्याने दाखवलं नसतं तर आम्ही जंगल नुसतं बसच्या खिडकीतून बघून आलो असतो. आपली सहल ठरली तर माझी एकच अट आहे, गाइड बोलत असताना मागे गाणी आणि भेंड्या नकोत.

सावंत काका : मान्य. आता जायचं कसं ते सांगा. केरळ म्हणजे पालक्काडला उतरायचं ना?

मेघाताई : काका, इथेच आम्ही फसलो, म्हणून नीट लिहिते. आमच्या एजंटने पालक्काडचंच तिकीट काढून दिलं. प्रकल्प पालक्काड जिल्ह्यातच आहे हे खरं. पण आत जाणारा गाडीरस्ता तमिळनाडूतून आहे! पोल्लाची, मग सेतुमडै, तिथून घाट चढून टॉपस्लिप, आणि त्यापुढे आनप्पाडीला केरळचं चेकपोस्ट. म्हणजे केरळमध्ये उतरून तमिळनाडूत जायचं आणि पुन्हा केरळात शिरायचं. हे आम्हाला गाडीत बसल्यावर ड्रायव्हरकडून कळलं. अर्धा दिवस गेला, दुपारची सफारी हुकली, पैसेही परत मिळाले नाहीत. आपण सरळ कोइंबतूरला उतरू. तिथून पोल्लाची तासाभरावर, आणि पोल्लाचीहून टॉपस्लिप सुमारे ३५ किलोमीटर.

रोहित : मी आणि दोन मित्र बाइकवर येऊ का? पुण्याहून पुढे रस्ता भारी आहे.

मेघाताई : पोल्लाचीपर्यंत ये, आत दुचाकी सोडत नाहीत. हत्तींचा रस्ता आहे बाबा.

पाटील वहिनी (क-१०२) : राहायचं कुठे? सासूबाईंना घेऊन यायचंय, बाथरूम नीट हवं.

मेघाताई : वहिनी, आत खाजगी हॉटेल नाही. वनखात्याच्याच जागा आहेत. आनप्पाडीला तंबू (आत पक्कं बाथरूम, आम्ही तिथेच होतो), तूनक्कडवूला झाडावरचं घर, जलाशयात वेट्टिकुन्नू बेटावर राहायची सोय. जेवण, गाइड, सफारी बहुतेक पॅकेजमध्ये येतं. पण जागा मोजक्या असतात. चाळीस माणसांची बस एकदम नेता येईल असं मला वाटत नाही. पंधरा-पंधराच्या दोन तुकड्या कराव्यात आणि या आठवड्यातच बुकिंगला लागावं.

सावंत काका : चाळीस जणांना नाही म्हणायचं म्हणजे मीटिंगमध्ये वाद होणार. माझा भाचा सांगत होता, त्याच्या ओळखीचा एक टूरवाला आहे, शंभर टक्के वाघ दाखवण्याची गॅरंटी देतो. पूर्ण बसही घेतो.

मेघाताई : काका, वाघाची गॅरंटी देणाऱ्या माणसाला आपण पैसे द्यायचे नाहीत, एवढं माझं ऐका. तो एकतर खोटं बोलतोय, नाहीतर जनावराच्या अंगावर गाडी घालणारा आहे. दोन्ही नकोत.

देशपांडे सर : मेघाशी शंभर टक्के सहमत. सावंत, चाळीस जणांनाच न्यायचं असेल तर बंदीपूर-मुदुमलै बघा. आम्ही दोन वर्षांपूर्वी मैसूरहून गेलो होतो. बंदीपूर हा १९७३ साली सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पांच्या पहिल्या नऊ जंगलांपैकी एक. तिथे बाहेर हॉटेलं भरपूर आहेत. एकच लक्षात ठेवा, बंदीपूरमधून जाणारे हायवे रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतात. २००९ पासून आहे हे. रात्री गाड्यांखाली किती जनावरं मरायची! आमच्या ग्रुपमधले काही जण फाटकावर अडकले आणि वनरक्षकावर ओरडत बसले. मला फार लाज वाटली. त्या बिचाऱ्याने शांतपणे एवढंच सांगितलं की आता हा रस्ता त्यांचा आहे.

कुलकर्णी काकू : किती छान बोलला!

पाटील वहिनी : मेघाताई, मुलांना तिथे काही शिकण्यासारखं आहे का? नुसता मोबाइल घेऊन बसतील.

मेघाताई : वहिनी, भरपूर. आणि त्यातलं बरंचसं आपल्या मुंबईशी जोडलेलं आहे, हे मला जाण्याआधी माहीतच नव्हतं.

डॉ. सालिम अली आपले मुंबईचे. १९३३ साली त्रावणकोर-कोचीन संस्थानांतल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण करताना ते परंबिकुळमच्या कुरियारकुट्टीला राहिले होते. तिथे आता त्यांच्या नावाचं पक्षी माहिती केंद्र आहे. मोठा धनेश मी तिथेच पाहिला. आधी आवाज येतो, पंखांचा, लांबून आगगाडी यावी तसा.

आणि आगगाडीही होती! कोचीन संस्थानाने लाकूड वाहण्यासाठी परंबिकुळम ते चालक्कुडी अशी सुमारे ८० किलोमीटरची ट्रामवे बांधली. १९०७ ते १९६३ चालली. उतारावर भरलेले डबे खाली जाताना दोरखंडाने रिकामे डबे वर ओढायचे. त्यातलं बरंचसं लाकूड म्हणजे साग. टॉपस्लिप हे नावसुद्धा त्यातूनच आलं, डोंगरमाथ्यावरून ओंडके खाली घसरवायचे म्हणून. एकोणिसाव्या शतकात इथल्या आनैमलै डोंगरांतला साग आपल्या मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला यायचा. मी टॉपस्लिपला उभी राहून तो उतार बघत होते आणि मला आपला भाऊचा धक्का आठवत होता.

देशपांडे सर : इतकं तोडूनही जंगल राहिलं हेच नवल.

मेघाताई : सर, त्याचीही गोष्ट आहे. ह्यूगो वूड नावाचा इंग्रज वनाधिकारी होता. त्याने तोड थांबवून साग पुन्हा लावायला घेतला. सांगतात की तो खिशात सागाच्या बिया घेऊन फिरायचा, काठीने जमिनीत भोक पाडायचा आणि बी टाकायचा. १९३३ मध्ये वारला. टॉपस्लिपजवळ त्यानेच लावलेल्या सागांमध्ये त्याची कबर आहे. आम्ही गेलो तेव्हा कबरीवर सागाची पानं पडलेली होती, ताटाएवढी. कोणी झाडली नव्हती, आणि झाडूही नयेत.

रोहित : ताई, हे माहीत नव्हतं. मी मघाशी घाईत लिहिलं. माझं नाव घ्या, रेल्वेने येतो.

सावंत काका : बरं, प्लास्टिकचं काय? मागच्या वेळी ताडोब्याच्या गेटवर आपल्या चिवड्याच्या पिशव्या काढून घेतल्या होत्या.

मेघाताई : इथे त्याहून कडक. चिवडा-चकली स्टीलच्या डब्यांतून न्या, पाणी घरच्या बाटल्यांतून. मी स्वतः संध्याकाळी एका माकडाला चिप्सचं रिकामं पाकीट चाटताना पाहिलं, चेकपोस्टच्या बाहेर. आपल्यासारख्याच कोणीतरी टाकलेलं. ते पाकीट त्याच्या तोंडावर चिकटलं होतं आणि ते डोकं झटकत होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

जोशी आजी (अ-००२) : मेघा, मी सगळं वाचते आहे. नातीने अक्षरं मोठी करून दिली. मला तुझ्या फोटोतलं ते मोठं झाड कोणतं ते सांग.

मेघाताई : आजी, तो कन्निमारा साग. तूनक्कडवूजवळ आहे. जिवंत सागांमध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. घेर सुमारे ७ मीटर, वय साडेचारशे वर्षं सांगतात. भारत सरकारने त्याला महावृक्ष पुरस्कार दिलाय. आम्ही पाच जणांनी हात पसरून कवेत घ्यायचा प्रयत्न केला. त्याची एक गोष्ट गाइडने सांगितली. फार वर्षांपूर्वी कुऱ्हाडीचा पहिला घाव बसला आणि खोडातून रक्त आलं. तोडणारे घाबरून थांबले. तेव्हापासून कन्निमारा, म्हणजे कुमारिका वृक्ष, आणि आदिवासी त्याची पूजा करतात.

मग त्याने वाऱ्याने मोडून पडलेल्या एका कोवळ्या सागाच्या शेंड्याचं पान घेतलं आणि माझ्या तळहातावर चुरगाळलं. हात लालभडक झाला. तो काही बोलला नाही, फक्त झाडाकडे बघितलं.

जोशी आजी : अगं, ते आम्ही लहानपणी करायचो! माहेरी चंद्रपूरकडे घराच्या मागेच साग होते. कोवळी पानं चोळून हात रंगवायचो, मेंदी म्हणून. आई ओरडायची, कारण परकराचे डाग जायचे नाहीत. साठ-पासष्ट वर्षांत मला कोणी त्याची आठवण करून दिली नव्हती. त्या झाडापर्यंत चालावं किती लागतं?

मेघाताई : फारसं नाही आजी. वनखात्याची गाडी झाडाजवळ जाते. आणि परंबिकुळमला शेकरूही दिसेल, आपल्या भीमाशंकरचीच भाऊबंद, फक्त रंग जास्त गडद.

पाटील वहिनी : आजी येणार असतील तर माझ्या सासूबाई शंभर टक्के येतील.

सावंत काका : ठीक आहे. चाळीस जणांचा विचार सोडतो, मीटिंगमध्ये मी बोलेन. दोन तुकड्या, पंधरा-पंधरा. पहिल्या तुकडीत आजी, पाटील वहिनी, त्यांच्या सासूबाई, देशपांडे सर, मेघाताईंच्या घरचे तिघं, रोहित. बाकीच्यांनी उद्या रात्री दहापर्यंत नावं द्या. बुकिंगचं मेघाताई आणि मी बघतो. तिकीट कोइंबतूरचं.

कुलकर्णी काकू : माझं आणि ह्यांचं नाव घ्या भाऊ. स्टीलचे डबे माझ्याकडे बारा आहेत, सगळे घेऊन येते.

जोशी आजी : मेघा, डिसेंबरात सागाला कोवळं पान असतं का गं?

मेघाताई : मोठ्या झाडांना नसेल आजी, पानगळ सुरू झालेली असेल. पण बुंध्याशी फुटलेल्या रोपट्यांना असतं कधी कधी. गाइडला आधीच सांगून ठेवते, एखादं पडलेलं मिळालं तर जपून ठेव म्हणून.