रॉथ कन्व्हर्जन रिटर्नमध्ये कसं दाखवायचं? १०९९-आर आणि ८६०६ ने डोकं उठवलंय

मंडळी, अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरायची शेवटची तारीख, १५ एप्रिल, तोंडावर आलीय आणि मी एका फॉर्मपाशी अडलोय. आम्ही टेक्सासात, त्यामुळे स्टेट टॅक्सची भानगड नाही. प्रश्न फेडरलचाच आहे.

दोघांचा पगार मिळून रॉथ आयआरएच्या (निवृत्तीचं खातं; टॅक्स भरलेले पैसे टाकायचे, निवृत्तीनंतर काढताना टॅक्स नाही) उत्पन्नमर्यादेबाहेर जातो, म्हणून थेट भरता येत नाही. ऑफिसातल्या एकाने 'बॅकडोअर रॉथ' (आधी ट्रॅडिशनल आयआरएत भरायचे, मग ते रॉथमध्ये वळवायचे, म्हणजे कन्व्हर्ट करायचे) सांगितलं तेव्हा एप्रिल २०२४ उजाडला होता. घाईघाईत माझ्या नावाने ट्रॅडिशनल आयआरए (यात भरलेल्या पैशांवर वजावट मिळू शकते, टॅक्स काढताना लागतो) उघडलं, २०२३ चे ६,५०० आणि २०२४ चे ७,००० डॉलर एकदमच भरले. तीन आठवडे पैसे नुसते पडून होते, त्यावर ४० डॉलर व्याज आलं. मे महिन्यात सगळे १३,५४० रॉथमध्ये कन्व्हर्ट केले.

आता १०९९-आर (खात्यातून निघालेल्या पैशांचा फॉर्म, आयआरए कंपनी पाठवते) आलाय. बॉक्स १ मध्ये १३,५४०, २ए मध्येही १३,५४०, २बी मध्ये 'करपात्र रक्कम ठरवलेली नाही' यावर खूण, बॉक्स ७ मध्ये कोड २ (वयाआधी काढले, पण दंड नाही). आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि रिफंड सव्वातीन हजारांनी खाली! अहो, यातले साडेतेरा हजार टॅक्स कापून हातात आलेल्या पगारातलेच आहेत. (आपलं पीपीएफ किती सरळ होतं हो.)

आणखी एक घोळ. २०२३ चं रिटर्न मी मार्चमध्येच भरून मोकळा झालो होतो, त्यात ८६०६ (वजावट न घेता आयआरएत भरलेल्या पैशांची नोंद ठेवणारा फॉर्म) नाही. शिवाय बायकोच्या रोलओव्हर आयआरएत (हेही ट्रॅडिशनलच) जुन्या नोकरीतल्या ४०१-के या निवृत्ती योजनेतून हलवलेले ३८,००० आहेत. ते यात धरायचे का?

प्रतिसाद:
घाबरू नका, रिफंड परत वर येईल. १०९९-आर पाठवणाऱ्याला तुम्ही वजावट घेतली की नाही हे माहीत नसतं, म्हणून तो २ए मध्ये पूर्ण रक्कम टाकून मोकळा होतो. ते सांगायचं काम ८६०६ चं. सॉफ्टवेअरमध्ये वजावटींच्या भागात जाऊन आयआरएत भरलेले पैसे 'नॉन-डिडक्टिबल' (वजावट न घेतलेले) म्हणून नोंदवा. तिथपर्यंत बरेच जण पोचतच नाहीत.

२०२४ च्या ८६०६ वर ओळ १, २०२४ साठी भरलेले: ७,०००. ओळ २: ६,५००, म्हणजे मागच्या वर्षीचा बेसिस (टॅक्स आधीच भरलेले पैसे). ओळ ६, ३१ डिसेंबरची शिल्लक: तुमच्या नावावर दुसरं ट्रॅडिशनल, किंवा नोकरी-धंद्यातून उघडलेलं सेप वा सिंपल आयआरए नसेल तर शून्य. ओळ ८, कन्व्हर्ट केलेली रक्कम: १३,५४०. शेवटी ओळ १८ वर करपात्र म्हणून फक्त ४० उरले पाहिजेत. १०४० वर (मुख्य रिटर्न) ४ए मध्ये १३,५४०, ४बी मध्ये ४०.

पण ती ओळ २ हवेतून येत नाही. त्यासाठी २०२३ चा ८६०६ आधी भरा, आणि फॉर्म त्याच वर्षाचा घ्या. ओळ १ आणि १४ दोन्हींवर ६,५००. मी माझा १०४०-एक्सला (भरलेलं रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म) जोडून पाठवला होता. न भरल्याचा दंड ५० डॉलर आहे, सबळ कारण असेल तर तोही माफ होऊ शकतो.

प्रतिसाद:
वहिनींचे ३८,००० तुमच्या फॉर्मवर येत नाहीत. रिटर्न जॉइंट असलं तरी ८६०६ ज्याचा त्याचा. मात्र त्यांच्या नावाने बॅकडोअर करायला जाल तर तेच पैसे आडवे येतील. ७,००० भरून कन्व्हर्ट केले तर ४५,००० मधले ७,००० याच प्रमाणात सूट, म्हणजे साधारण १,०९० करमुक्त आणि बाकी ५,९०० वर टॅक्स. 'मी नवीनच पैसे कन्व्हर्ट केले' हे चालत नाही, एकाच्या नावावरची, रॉथ सोडून, सगळी आयआरए एकच धरतात. आधी त्यांच्या आताच्या नोकरीतल्या ४०१-के मध्ये ते पैसे ढकलता येतात का बघा. आणि वर्ष संपायच्या आत, कारण शिल्लक ३१ डिसेंबरची मोजतात.

धागाकर्ता:
जमलं! ४बी मध्ये ४० आले, टॅक्स दहा डॉलरच्या आत. २०२३ चा फॉर्म छापलाय, उद्या पोस्टात टाकतो. बायको एचआरला विचारणार आहे. सध्या तिचं म्हणणं, 'माझ्या पैशाला हात लावायच्या आधी तुझं निस्तर.'