डॉर्सी आधी ब्लूजवालाच
काही जण म्हणतात की गॉस्पेल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ख्रिस्ती भक्तिसंगीत, चर्चमध्येच जन्मलं; ब्लूजशी, म्हणजे त्यांच्याच दुःख-विरहाच्या लौकिक गाण्यांशी, त्याचा संबंध नाही. मला हे अजिबात पटत नाही. गॉस्पेलचा जनक मानला जाणारा थॉमस डॉर्सीच घ्या ना. जॉर्जियातल्या बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचा हा मुलगा 'जॉर्जिया टॉम' नावाने ब्लूज गायचा, ब्लूज गायिका मा रेनीच्या साथीला पियानो वाजवायचा. १९३२ मध्ये तो सेंट लुइसला असताना इकडे शिकागोत बायको नेटी बाळंतपणात गेली, पाठोपाठ तान्हं बाळही. त्या दुःखातून 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' हे त्याचं गॉस्पेल गाणं आलं. चाल जुन्या स्तोत्रावर बेतलेली, पण त्यातली आर्तता थेट ब्लूजची! सुरुवातीला अनेक चर्चनी त्याची गाणी नाकारली, ती याच ब्लूजच्या छापामुळे. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या अंत्यविधीत गॉस्पेल गायिका महालिया जॅक्सन हेच 'प्रेशस लॉर्ड' गायली.