इम्प्लांटच्या आधी हाडाची पावडर टाकतात ती कोणती घ्यावी? आई माळकरी आहे, मदत हवी

कपाशीवाला_दर्यापूर:
राजेहो लवकर सांगा, सोमवारी डॉक्टरले हो का नाई कळवायचं हाय. आईले दाढेचा इम्प्लांट (हाडात स्क्रू रोवून बसवते तो पक्का दात) बसवायचा हाय अमरावतीले, डॉक्टर म्हणते हाड झिजलं, आधी ग्राफ्ट म्हणजे हाड भरायची पावडर टाकू, मी सहज विचारलं कायची पावडर असते तर म्हणे बोवाइन, घरी येऊन मोबाइलवर पाह्यलं तं बैलाच्या हाडाची निघाली! आई माळकरी, कांदा-लसूण बी नाई खात. दुसरी कोणती चालते काय तेवढंच सांगा.

दातकोरणे:
मी डेंटिस्ट आहे. दाढ वरची का खालची? काढून किती दिवस झाले? हाड रुंदीत कमी आहे का उंचीत? शुगर? माती न पाहता खत कोणतं सांगू?

कपाशीवाला_दर्यापूर:
दाढ म्हणजे दाढ, मागची. मी पावडर विचारून रायलो न भाऊ.

संत्रा_आंबिया:
काऊन पैसे घालवता, कवळी बसवा. माया सासऱ्यानं बसवली, हुरडा खाते मस्त.

बंटी_वर्धा:
कवळी कोणी विचारली हो काका? माझं सावंगीच्या डेंटल कॉलेजात झालं, खालच्या जबड्याच्या मागून माझंच हाड काढून पुढं लावलं. सगळ्यात बेस्ट तेच, जिवंत पेशी असतात त्यात. सूज मात्र दोन्ही जागी आली.

तर्कट:
उगाच बाऊ. बायो-ऑससारख्या पावडरीत प्राण्याचा सेंद्रिय भाग सगळा काढून टाकलेला असतो, निव्वळ खनिज उरतं. आई कॅप्सूल घेते न? त्याचं जिलेटिन कायचं असते ते विचारा आधी.

मोर्शीची_ताई:
तर्कट भाऊ, खनिज उरो की काही उरो, माळ त्यांच्या गळ्यात आहे, तुमच्या नाही. आईंना न सांगता टाकू नका एवढंच. आणि पावडरीवर झाकायला कोलॅजनचा (प्राण्याच्या प्रथिनाचा) पडदा लावतात तोही बरेचदा डुकराचा किंवा गाईचा असतो, ते कोणी सांगत नाही. माझ्या जावेच्या वेळी आम्ही विचारलं म्हणून कळलं.

पीआरएफ_प्रेमी:
आईचंच रक्त काढून मशीनमध्ये फिरवतात, पीआरएफ म्हणते त्याले. तेच टाका, पावडरच नको.

दातकोरणे:
पीआरएफने जखम चांगली भरते, पण मोठ्या खड्ड्यात नुसत्या त्याच्या भरवशावर हाड उभं राहत नाही, पावडरीत मिसळूनच वापरतात. प्राण्याचं नको असेल तर सिंथेटिक, म्हणजे कारखान्यात बनवलेलं खनिज मिळतं : हायड्रॉक्सीअपेटाइट, बीटा-टीसीपी किंवा दोन्हीचं मिश्रण. टीसीपी काही महिन्यांत विरघळून त्या जागी स्वतःचं हाड येतं, अपेटाइट वर्षानुवर्षं टिकून आकार धरून ठेवतं. माणसाच्या हाडाचंही मिळतं, मुंबईच्या टाटा मेमोरिअल हॉस्पिटलची टिश्यू बँक (दान केलेल्या हाडांची) आहे, पण ते तुमच्याकडे पटेल का माहीत नाही. खड्ड्याच्या बाजूच्या हाडाच्या भिंती शाबूत असतील तर सिंथेटिकवर काम होतं. वरची दाढ असेल आणि सायनस (दाढेच्या वरची हवेची पोकळी) खाली आला असेल तर हिशोब वेगळा, म्हणून तर विचारतोय.

संत्रा_आंबिया:
आई खर्रा (तंबाखू-सुपारी) तं नाई खात? त्यानं कोणतंच हाड धरत नाई.

कपाशीवाला_दर्यापूर:
माळकरी बाई खर्रा खाईन काय बाप्पा!

बंटी_वर्धा:
खर्रा नसन खात, पण आमच्या गावचे अर्धे माळकरी तंबाखू मळते. 😄

मोर्शीची_ताई:
धागा भरकटला.

कपाशीवाला_दर्यापूर:
बरं सांगतो. दाढ वरची, काढून लय दिवस झाले. सायनसचं डॉक्टर काहीतरी बोलले होते, सीटीसारखा फोटो बी काढला. शुगरची गोळी चालू हाय. अन् हाडं ठिसूळ झाले म्हणून दर रविवारी सकाळी उपाशीपोटी एक गोळी घेते, ते बी सांगायचं असते काय?

दातकोरणे:
अहो हेच पहिल्या ओळीत पाहिजे होतं! पाकिटावर अॅलेन्ड्रोनेट लिहिलंय का ते बघा. या गोळीनं क्वचित जबड्याचं हाड सडतं, धोका कमीच, पण जितकी वर्षं गोळी तितका वाढतो. तुमच्या डॉक्टरला माहीत आहे का हे?

कपाशीवाला_दर्यापूर:
अॅलेन्ड्रोनेट ७० लिहून हाय. त्यानं विचारलं नाई, आम्ही सांगितलं नाई. मंग आजपासून बंद करू काय?

दातकोरणे:
स्वतःहून बंद करू नका. सोमवारी पाकीट, शुगरचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरीचा रिपोर्ट) आणि तो स्कॅन घेऊन जा, गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरशी त्यांना बोलायला लावा. पावडरीचा निर्णय त्याच्यानंतर.

संत्रा_आंबिया:
म्हणूनच म्हणलं कवळी.