परळची खोली सोडून बदलापूरला फ्लॅट घ्यावा का?

परळच्या चाळीत राहतो, 180 स्क्वेअर फुटांची खोली, आई, आम्ही दोघं आणि पाचवीतली मुलगी. ती अभ्यासाला पोटमाळ्यावर बसते, तिथे ताठ उभंही राहता येत नाही. बदलापूर पश्चिमेला वन बीएचके बघितलाय, अंडर कन्स्ट्रक्शन, 47 लाख. माझं ऑफिस फोर्टला, बायकोचं दादरला. आई म्हणते तिकडे मला कोण ओळखणार, आणि तिचं चुकत नाही. कुणी असं गेलं असेल तर खरं काय ते सांगा.

लालबागचा जुना:
मी 2016 ला आलो. घर मोकळं, हवा चांगली, पोरं खाली खेळतात. पण आधी लोकलचं बघा. कल्याणच्या पुढे दोनच लाईनी, लांब पल्ल्याच्या गाड्याही त्यावरूनच, त्यामुळे एक लोकल चुकली की ताटकळत उभं राहायचं. दादरपर्यंत सव्वा तास धरा, रिक्षाची लाईन वेगळी. बदलापूरहून सुटणारी पकडलीत तर बसायला मिळतं, मी त्यासाठी पावणेसहाला उठतो. रविवारी साईट बघून ठरवू नका, सोमवारी सकाळी साडेसातला प्लॅटफॉर्मवर उभे राहा, वहिनींना पण घेऊन.

सरिता_बदलापूर:
दादा, पश्चिमेला म्हणालात म्हणून लिहिते. उल्हास नदी त्याच बाजूला आहे. 2005 ला पाणी शिरलं, 2019 ला पण, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ अडकली होती तेव्हाच. आम्ही फ्लॅट बघायला गेलो तेव्हा मी शेजारच्या जुन्या बिल्डिंगच्या जिन्यात शिरले, तर मीटरच्या पेटीखाली भिंतीवर माझ्या कमरेएवढी मातीची रेघ. सेल्सवाला म्हणत होता इथे कधी पाणी येत नाही. तिथल्या आजींनीच खरं सांगितलं, चहा पण दिला. आम्ही मग पूर्वेला घेतलं. आणि आईंची काळजी करू नका, माझ्या सासूबाई पण गिरगावच्या, आता संध्याकाळी खालच्या बाकावर पाच-सहा जणींचा ग्रुप असतो, पण पहिलं वर्ष जड गेलं हे खरं.

कागदवाला:
नुसता महारेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) बघून टोकन देऊ नका, डोंबिवली-कल्याणकडे 65 बिल्डिंगांनी खोट्या परवानग्यांवर नंबर मिळवले होते, लोकांची आयुष्यभराची कमाई अडकली. नगरपालिकेत जाऊन बांधकाम परवानगी स्वतः तपासा, वकिलाकडून टायटल सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीची तपासणी, करून घ्या. अंडर कन्स्ट्रक्शनला 47 लाखांवर 5 टक्के जीएसटी म्हणजे 2 लाख 35 हजार. ओसी (राहायला परवानगीचा दाखला) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. रेट कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विचारा. फ्लॅट वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलात तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का वाचतो.

मूळ प्रश्नकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन थांबवलंय. सोमवारी दोघंही रजा टाकून सकाळच्या लोकलचं बघतो. ताई, पूर्वेला ओसीवालं काही असेल तर सांगा ना, आईला घेऊन येतो.