शब्दचर्चा: ‘फोकस’ लावायचा, मारायचा की धरायचा?

वडसा (देसाईगंज) भागातून:
आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक. आता दोन्ही मोबाइलवर थेट दिसतं, म्हणून कॅमेऱ्यावर बसणाऱ्या पोरांसाठी एक पानभर सूचना मराठीत लिहायला घेतल्या आहेत. गाडी अडली ती ‘ऑटोफोकस’वर, म्हणजे लेन्स स्वतःच चित्र स्पष्ट करते त्यावर. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, फोकस म्हणजे दिवा. ‘नटीवर फोकस मार’ म्हटलं की लाइटवाला उठतो, कॅमेरावाला ढिम्म. एकदा कॅमेऱ्यावरचा पोरगा ‘फोकस गेला, फोकस गेला’ म्हणून ओरडला, तर जनरेटरवाला डिझेलचा कॅन घेऊन पळाला. ‘स्वयंचलित केंद्रीकरण’ लिहिलं तर पोरं पानाची पुडी बांधतील. तर काय लिहू?

चंद्रपूरहून, शाळेत विज्ञान शिकवतो:
दहावीच्या पुस्तकात भिंगाच्या धड्यात ‘मुख्य नाभी’ आणि ‘नाभीय अंतर’ हे शब्द आहेत. पण त्यावरून ‘स्वयंनाभीकरण’ करू नका. नाभी म्हणजे समांतर किरण जिथं एकत्र येतात तो बिंदू, तो भिंगाचा गुण. कॅमेऱ्यात आपण नाभी शोधत नाही, समोरच्या वस्तूची प्रतिमा बरोबर सेन्सरवर, म्हणजे चित्र टिपणाऱ्या चिपेवर, पाडतो. अर्थानं जवळचा शब्द त्याच पुस्तकात डोळ्याच्या माहितीत आहे: समायोजन. फरक इतकाच की डोळ्याचं भिंग स्वतः जाड-बारीक होतं, कॅमेऱ्याच्या लेन्समध्ये काचा पुढे-मागे सरकतात. ‘स्वयंसमायोजन’ अर्थाला चोख बसतं. पटावर ओरडून सांगायला मात्र उपयोग नाही, हे मलाही कळतं.

अकोल्याहून:
नाम कशाला बदलता भाऊ, क्रियापद पाहा ना! वऱ्हाडातही ट्रॅक्टरच्या टपावरचा दिवा म्हणजे फोकसच. पण दिव्याचा फोकस आपण लावतो, मारतो, पाडतो. तो बंद पडतो, उडतो. लेन्सचा फोकस करतो, धरतो. तो हलतो, सुटतो. घोळ फक्त ‘गेला’मध्ये आहे, कारण दिवा पण जातो अन् लेन्सचा फोकस पण जातो. पोरांना ‘फोकस सुटला’ म्हणायची सवय लावा, जनरेटरवाला जागचा हलणार नाही. ऑटोफोकसला ‘लेन्स आपोआप फोकस धरते’ लिहा, झालं.

नागपूरहून, कॅमेऱ्यावर काम करतो:
‘धरणे’ एकदम बरोबर, आम्ही पण तेच म्हणतो. भांडण आहे ते ‘आपोआप’शी.
जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेट सामन्याच्या वेळी कॅमेऱ्यावर पेटीएवढी लेन्स दिसते, तिला आम्ही बॉक्स लेन्स म्हणतो. एका दांडीवर झूम, दुसऱ्या दांडीवर फोकसची मूठ. वर्षानुवर्षं ही मूठ माणसाच्याच हातात आहे. साध्या फोटो कॅमेऱ्यात ऑटोफोकस १९७७ मध्ये, कोनिकाच्या सी-३५ एएफमध्ये आला, टीव्हीच्या मोठ्या लेन्समध्ये बराच नंतर. कारण टीव्हीच्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे प्रिझम असतो, तो उजेड लाल, हिरवा, निळा असा तीन चिपांवर वाटतो. शिवाय लेन्स एका कंपनीची, कॅमेरा दुसरीचा. म्हणून कॅननने डिजिसुपर १०० एएफसारख्या लेन्समध्ये (९.३ ते ९३० मिलिमीटर, म्हणजे १०० पट झूम) फोकस मोजणारा सेन्सर लेन्सच्याच पोटात बसवला. आत येणाऱ्या उजेडाचा थोडा वाटा त्याच्याकडे वळतो. लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या उजेडाच्या दोन प्रतिमा तो ताडून बघतो. त्या एकमेकींपासून किती आणि कुठल्या बाजूला सरकल्यात, त्यावरून काच कुठं न्यायची ते एका फटक्यात कळतं. या पद्धतीला फेज डिटेक्शन म्हणतात. दुसरी पद्धत, कॉन्ट्रास्टची, चित्र कधी जास्त ठसठशीत होतं ते पुढे-मागे करून शोधते, जुन्या रेडिओची सुई स्टेशनच्या पुढं जाऊन मागं आणावी तसं. या पुढे-मागे करण्याला आमच्यात ‘हंटिंग’ म्हणतात.
आता ‘आपोआप’चं. लेन्स अंतर आपोआप मोजते. कोणाचं मोजायचं, हे ती ठरवत नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातून बघायच्या खिडकीत, एक चौकट दिसते, ती ज्याच्यावर, त्याच्यावर फोकस. पोरांना नुसतं ‘आपोआप’ शिकवलं की ते हात काढून घेतात आणि चौकट कुठं आहे ते बघतच नाहीत.

वडसा भागातून:
आमच्याकडे बॉक्स लेन्स कुठली! मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेले छोटे कॅमेरे आहेत, त्यात सेन्सरवरच फेज डिटेक्शन आहे म्हणे. पण अडचण तुम्ही म्हणता तीच. कॅमेरा दानीच्या, म्हणजे जोड्या धावतात त्या पट्टीच्या, शेवटच्या टोकाला मचाणावर, जोडी सरळ अंगावर येते. धुरळा उठला की फोकस बैलांवरून सुटून धुरळ्यावर नाहीतर बाजूच्या बांबूच्या कठड्यावर. जोडी हाकणारा धुरकरी अंधुक, बांबू लख्ख. त्या वेळी पोरांना काय सांगायचं? ‘हंटिंग करते’ म्हटलं तर पोरं हसतात.

अकोल्याहून:
चाचपडते म्हणा. अंधारात कंदील शोधणारी म्हातारी चाचपडते, लेन्सही चाचपडते.

नागपूरहून:
‘चाचपडते’ घेतलं, उद्यापासून आम्हीही तेच म्हणणार.
समोरून येणारी जोडी हा फोकसचा सगळ्यात वाईट प्रसंग. अंतर क्षणाक्षणाला कमी होतं, आणि झूम लांब ओढलेला असला की स्पष्ट दिसणारा पट्टा अगदी अरुंद होतो. चौकट बारीक करा आणि बैलांच्या शिंगांवर ठेवा. शिंगं आणि कपाळ यात काळं-पांढरं ठळक असतं, सेन्सरला धरायला सोपं. चौकट मोठी ठेवलीत तर बांबू आत येणारच. मचाण दानीच्या रेषेतून थोडं बाजूला घेता आलं तर धुरळाही कमी आडवा येईल. आणि लेन्स चाचपडायला लागली की ऑटो बंद करून हातानं धरा.
आणखी एक, सूचनांत ‘बॅक फोकस’ आला तर नीट फोड करा. पोरांना वाटतं मागच्या गर्दीवरचा फोकस. तसं नाही. टीव्ही लेन्स आणि कॅमेऱ्याच्या चिपा यांच्यातलं अंतर जुळवणं म्हणजे बॅक फोकस. आयरिस, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, पूर्ण उघडा, आरे असलेल्या गोल चार्टवर झूम ओढून फोकस करा, मग झूम मोकळा करून मागची रिंग फिरवा, पुन्हा तपासा. हे चुकलं असेल तर लेन्सच्या पोटातला सेन्सर ‘धरलं’ म्हणतो, आणि चित्र मात्र मऊच येतं.

चंद्रपूरहून:
‘बॅक फोकस’ला ‘मागची जुळणी’ चालेल का?

नागपूरहून:
चालेल. रिंगेवर इंग्रजी अक्षरंच छापलेली असतात, तेवढी कंसाविना बाजूला लिहून ठेवा, पोरांना ती शोधता यायला हवीत.

वडसा भागातून:
मग सूचना अशी लिहितो: ‘दिव्याला फोकस म्हणायचं तर “लाव” किंवा “मार” म्हणा. कॅमेऱ्याला “धर” म्हणा. ऑटो चालू असताना चौकट शिंगांवर ठेवा. लेन्स चाचपडली तर ऑटो बंद, हातानं धरा. फोकस गेला असं कोणी ओरडायचं नाही, सुटला म्हणायचं.’ एकच शंका राहिली. ‘चौकट’ म्हटलं तर पोरांना दाराची चौकट आठवते. ते तिला डबा म्हणतात.

अकोल्याहून:
मग डबाच लिहा.