सिडकोची लीज: आत्ताच फ्रीहोल्ड करावी की २०४६ ची वाट बघावी?

नेरूळकर: आमची ३२ फ्लॅटची सोसायटी. जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी), लीज म्हणजे भाडेपट्टा १९८६ चा, ६० वर्षांचा. म्हणजे २०४६ ला संपणार. रविवारच्या सभेत चहा गार झाला तरी भांडण थांबेना. काहींना रूपांतर शुल्क भरून जमीन फ्रीहोल्ड, म्हणजे सोसायटीच्या मालकीची, करून हवीय, बाकीचे म्हणतात मुदत संपत आली की वाढवून घेऊ. मी फ्रीहोल्डच्या बाजूचा. तुमचं काय?

दुसरा_मजला: अजिबात नाही. आमच्याकडे निम्मे पेन्शनवाले. गच्चीच्या गळतीची वर्गणी गोळा करताना सेक्रेटरीच्या चपला झिजल्या. पुनर्विकास आज ना उद्या होणारच, तेव्हा हे शुल्क बिल्डरच्या गळ्यात मारा.

सानपाड्याची_ताई: बिल्डर काय पदरचे देतो? आपल्याच कार्पेटमधून (फ्लॅटच्या आतल्या जागेतून) कापणार. मी मागे फ्लॅट विकायला काढला. गिऱ्हाईक पसंत, टोकनही दिलेलं. बँकेतल्या माणसानं लीजची उरलेली वर्षं बोटांवर मोजली: १९ आणि काही महिने. कर्ज हवं होतं २० वर्षांचं. मुदत कमी केल्यावर हप्ता वाढला आणि गिऱ्हाईक पळालं. सौदा झाला असता तरी सिडकोची एनओसी आणि हस्तांतरण शुल्क होतंच. फ्रीहोल्ड झालं की तेवढं तरी सुटतं.

दुसरा_मजला: ताई, फायदा विकणाऱ्याचा. ज्याला इथेच म्हातारं व्हायचंय त्यानं का भरावं? आणि फ्रीहोल्ड म्हणजे रान मोकळं असं कुणी समजू नका. एफएसआयचे (प्लॉटवर किती बांधता येतं त्याचे) नियम तेच, बांधकामाची परवानगी महापालिकेचीच. स्टॅम्प ड्युटीही काही माफ होत नाही.

नेरूळकर: एफएसआयचं मान्य. पण म्हातारं झाल्यावर फ्लॅट पोरांकडेच जाणार ना? त्यांना विकायचा झाला तर? आणि मुदत वाढवून मिळेल हे सगळे गृहीत धरतात कशावरून? नूतनीकरणाचं कलम काय आहे विचारलं, तर ३२ जणांत मूळ करारनामा एकानेही वाचलेला नाही (मीही त्यातलाच). शेवटी तो माजी चेअरमनच्या कपाटात जुन्या लग्नपत्रिकांखाली सापडला, कडा वाळवीनं खाल्लेल्या.

सानपाड्याची_ताई: कलमाचं पान शाबूत आहे ना?

नेरूळकर: आहे. वकिलाला दाखवतोय.

दुसरा_मजला: आधी झेरॉक्स ग्रुपवर टाका. वाचून बोलतो. तोवर माझा विरोध लिहून ठेवा.